गाडी किती देते

गाडी मी सोवनींकडून घेतली, कर्वेनगरच्या.
दोन हजार चारची झेन, राखाडी, एकहाती चाललेली.
किल्ली देताना म्हणाले,
"डॅशबोर्डच्या खणात वही आहे.
नको असेल तर टाका. पण आधी वाचा."

दोनशे पानी वही, शाळेतली, पाठीवर पाढे छापलेले.
तारीख. पंप. लिटर. किलोमीटर.
लाल रेघेपलीकडे भागाकार,
दोन दशांश स्थळांपर्यंत, गाडी किती देते.
आणि शेरा नावाचा एक अरुंद रकाना,
बहुतेक रिकामा.

पौड फाट्याचा पंप: सोळा दहा.
वारज्याचा: पंधरा सत्तर. शेरा: घनता विचारली, पोरगा हसला.
कोल्हापूरहून येताना: एकोणीस चाळीस. शेरा: ही खुशीत.
ही म्हणजे गाडी
की शेजारच्या सीटवरची, ते लिहिलेलं नाही.

मीही त्याच पंपावर जाते.
"झिरो बघा, मॅडम."
बघते.
टाकी फुल्ल, पावती खिशात, हिशेब मोबाइलवर.
मला देते बारा.

गाळण कागदावर थेंब टाकून पाहिला,
दोन मिनिटांत उडून गेला, डागसुद्धा नाही.
मग खापर इथेनॉलवर.
वीस टक्के! माझी झेन म्हणजे रसवंतीगृह झालंय,
असं मी चारचौघांत सांगत सुटले.
गॅरेजवाले नझीर तांबोळी बॉनेटखालून बोलले,
"खातं ना ते थोडं. शंभरात पाच धरा, सहा धरा.
तुमचा चौथा हिस्सा गेलाय, ताई.
चाकात हवा बघा.
नंतर पाय बघा, किती जड पडतो."

माझा पाय.
मी घरोघर जाऊन लोकांचे गुडघे वाकवते,
सदाशिव पेठ, सहकारनगर, मग बिबवेवाडी,
दिवसभर पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला.
प्रत्येकाला सांगते, सावकाश, घाई नको,
सांध्याला वेळ द्यावा लागतो.
आणि जिना उतरून
दांडेकर पुलाचा पिवळा सिग्नल गाठायला
चप्पल तळापर्यंत दाबते.

वहीत ऑगस्टचं एक पान आहे.
पंप नेहमीचाच. लिटर चौदा.
नऊ वीस.
शेरा: पेट्रोल वाईट.
आधीच्या टाकीला सोळा, नंतरच्या टाकीला सोळा,
मध्येच हा खड्डा.

म्हणजे भेसळ होते तर! पुरावा मिळाल्यासारखा फोन लावला.
"तक्रार केली होतीत का, त्या दिवशी?"
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी ती पूर्ण होऊ दिली.
"पेट्रोल ठीकच होतं.
हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसलो होतो, गाडी चालू ठेवून,
अकरापासून उजाडेपर्यंत. एसी लावून.
वर बोलावलं होतं.
गेलो मग, उजाडल्यावर."
जरा थांबून म्हणाले,
"शेऱ्याचा रकाना लहान आहे हो."
आणि लगेच, "हवा सकाळी भरत जा, टायर गार असताना.
दुपारी भरून काय उपयोग?"

सकाळी भरली.
या खेपेला तेरा चाळीस.

काल बिबवेवाडीला, तिसऱ्या मजल्याच्या बरोबर खाली
मी गाडी लावली आणि इंजिन बंद केलं नाही.
हातात ताकद परत येत नाहीये, हे वर
शितोळे काकूंना सांगायचं होतं,
त्या रोज एक बोट जास्त हलल्याचं सांगतात.
सुई जागेवर थरथरत होती.
एक किलोमीटर नाही, अर्धा नाही,
नुसतं जळत होतं, चांगलं, स्वच्छ, पूर्ण मापाचं.

किल्ली फिरवली. वर गेले.

रात्री वहीत त्यांच्या शेवटच्या ओळीखाली
एक ओळ सोडून तारीख घातली, पंप घातला.
भागाकार दोनदा करून पाहिला.
शेरा: पेट्रोलचं अजून नक्की सांगता येत नाही.