वाकडं अंगण

नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणतात.
इथं अंगण खरंच वाकडं होतं.

डुलुथ गावात, सरोवराच्या काठावर
मासळीचं जुनं गोदाम.
बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून
जमीन मुद्दाम उतरती केलेली,
दारापासून खिडकीपर्यंत हातभर उतार.
आउने राउतिओनं ते नाचासाठी भाड्यानं घेतलं
तेव्हा घरमालक हसला होता म्हणे.
मी तेव्हा नव्हतो.
मी नंतर आलो, बादली आणि मॉप घेऊन,
तीन महिन्यांपुरता.
एकोणीस वर्षं झाली.

वर फळ्या टाकल्या तिनं,
पाडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेतल्या.
बास्केटबॉलच्या रेषा अजून आहेत, जोडताना चुकलेल्या:
अर्धवर्तुळ मधेच तुटतं
आणि भलतीकडेच, रेडिएटरखाली, पुन्हा सुरू होतं.
उतार मात्र तसाच ठेवला.
"सरळ उभे राहा" असं ती कुणाला म्हणाली नाही.
"उतार कुठं आहे ते पायांना विचारा," म्हणायची.

एमेट स्वानबर्ग, लोहखनिजाच्या धक्क्यावर तीस वर्षं,
आता हात थरथरतात, कॉफी बाहीवर.
एका मंगळवारी तिनं सगळ्यांना
त्याच्यासारखा हात थरथरवायला लावला.
चौदा जण.
एमेट लाल झाला, खाली बघत राहिला,
मग म्हणाला, "डावा जरा जास्त."

लोरेटाची चाकाची खुर्ची उतारावर आपोआप निघायची.
चढताना ढकलायचं नाही, हा नियम,
कितीही वेळ लागो. पियानोवाला थांबायचा.
होदान नावाची एक पोर
अख्खा हिवाळा कोट घालूनच नाचली.
कोट काढ, असं कुणी म्हटलं नाही.
मार्चमध्ये एक दिवस तो खुंटीवर दिसला
आणि आउने आत जाऊन उगाच फायली लावत बसली.

पण तिला संत करू नका.
माझा पगार दोनदा थकला.
अनुदानाचा एक अर्ज, सही-शिक्क्यासकट,
मोटारीच्या सीटखाली सापडला, मुदत संपल्यावर.
रागावली की दार आपटायची;
बिजागरी बसवायचं काम माझं.

निरोपाचा समारंभ फेब्रुवारीत.
सरोवर गोठलेलं, जहाजं बंद,
भोंग्याशिवाय गाव कसं ठार बहिरं वाटतं.
मंडळानं काचेची पाटी दिली, नाव कोरलेली.
राउतिओमधला एक काना राहून गेला होता.
नवी संचालक टेसा, चांगली आहे मुलगी,
तिनं नकाशा उलगडला:
विमा कंपनीचं म्हणणं आहे,
उन्हाळ्यात जमीन सपाट करून घेऊ.

कुणी काही बोललं नाही.
केक कापायचा थांबला.
"करा," आउने म्हणाली, "आता तुमचं आहे."
मग माझ्याकडे वळून, "बादली दे."

अर्धी बादली पाणी
तिनं दाराशी ओतलं.
पाणी आधी नुसतं पसरलं, विचारात पडल्यासारखं.
मग निघालं.
तुटकं अर्धवर्तुळ ओलांडून,
लोरेटाच्या चाकापाशी दोन होऊन, पुढं पुन्हा एक होऊन,
एमेटच्या बुटाला लागून
(त्यानं पाय हलवला नाही)
खिडकीखाली जाऊन थांबलं.
तेवढा वेळ सगळे बघत होते. टेसासुद्धा.
आउने काहीच म्हणाली नाही.
भाषण होतं ते तेवढंच.

मग तिनं मॉप मागितला.
मी दिला नाही.

एकोणीस वर्षं मी खिडकीपासून दाराकडे पुसत आलोय,
खालून वर, पाण्याच्या उलट,
एक पाय मागं रोवून, कंबरेतून वळत.
ती कधीकधी कोपऱ्यात उभी राहून बघायची.
वहीत काहीतरी लिहायची.
काय, ते मी कधी विचारलं नाही.

त्या रात्री पुसताना
पहिल्यांदाच पाय मोजले.