हिडकलच्या पाण्यातलं बेट

भरमाण्णाचा हरगोल म्हणजे डांबर फासलेली बुट्टी.
आधी जागच्या जागी गरगरते,
मग कुठं जायचं ते ठरवते.
माणशी वीस रुपये, पोरांचं काही नाही.
डोकी तो कन्नडात मोजतो, ओंदु, एरडु, मूरु,
आणि कुणी काठावर रेललं की
मराठीत आई काढतो.

बेट म्हणजे मुळात टेकडीच.
घटप्रभा अडवली, गाव उठलं,
टेकडीला कुणी नोटीस दिली नाही.
वर काळ्या दगडाचं देऊळ, अर्धी दीपमाळ,
फलकावरचं शतक उन्हानं पुसलेलं,
संकेश्वरची पोरं फोटोसाठी नंदीवर चढलेली,
भडंगाची रिकामी पिशवी.
दोन बगळे, कुणाकडंही न बघणारे.

पारूआत्तीनं हरगोलात बसतानाच चपला काढून हातात घेतल्या.
मला वाटलं, देवासाठी.
देवळात ती गेलीच नाही.
जिथं पायऱ्या पाण्यात शिरतात
तिथं बसून बोट दाखवत राहिली.
"ती हिरवट लाट हाय न्हवं, थितं शिंप्याचं घर.
फुडं चावडी.
त्या बगळ्याच्या खाली आमची चिंच."

"आणि तुमचं घर, आत्ती?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.
"आत्ता आलो न्हवं आपण,
त्याच्या वरनंच."

परतताना वारा पडला होता.
भरमाण्णानं डोकी मोजली, पैसे मोजले.
सगळ्यांच्या पायात चपला.
तिच्या, मांडीवर.