तेरावं

ऐमंतास म्हणाला, ट्रक राहू दे यार्डात, घरी चल,
नाताळच्या आदल्या रात्री एकट्यानं जेवायचं नसतं आमच्यात.
केबिनमध्ये माझा डाळभाताचा कुकर होता,
नऊला बायकोचा फोन यायचा होता.
तरी गेलो.

उतेनाच्या पुढं, बर्चच्या झाडीत घर.
सगळे अंगणात उभे, माना वर करून.
पहिली चांदणी दिसल्याशिवाय बसायचं नाही म्हणे.
आभाळ गच्च. पायाखाली बर्फ.
शेवटी उग्नेनं, आठ वर्षांच्या नातीनं,
मोबाईल टॉवरचा लाल दिवा दाखवला
आणि आजीनं तो चालवून घेतला.

टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली वाळलेलं गवत,
कोपर टेकलं की कुरकुरणारं.
वर खारवलेला मासा, बीट, रानातली अळंबी,
खसखशीच्या दुधात भिजलेली बोराएवढी बिस्किटं.
मटण नाही, लोणी नाही,
आणि ऐमंतासच्या घरात दारू नाही!
उग्नेनं माझ्यासाठी इंग्रजीत पदार्थ मोजले,
बारा म्हणाली.
मी उगाच दचकलो.

हात धुऊन आलो तोवर सगळे बसलेले.
खिडकीशी एकच ताट मोकळं,
त्याच्याजवळ मेणबत्ती, हिरवी डहाळी.
परक्याचा केवढा मान, असं मनात म्हणत
मी बसलो.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला,
मग कसलाच नाही.
ऐमंतास अर्धवट उठला.
ब्रोनेबाईंनी हात वर केला, एवढासाच,
त्याला थांबवलं,
आणि मला वाढायला घेतलं.

नंतर बाहेर सिगारेट पेटवताना त्यानं सांगितलं.
ताट बापाचं. फेलिक्सास. ऑगस्टमध्ये गेला,
मधमाश्यांच्या पेट्या आवरता आवरता.
त्या ताटात कुणी जेवत नाही,
रात्रभर तसंच ठेवायचं.
गेलेली माणसं येऊन जेवून जातात.

सॉरी म्हणालो, येत होतं तेवढ्या सगळ्या भाषांत.
जे म्हणायचं होतं ते मात्र एकीतही जमेना :
की आमच्याकडे असं पान मांडून
घरचे सगळे लांब जाऊन उभे राहतात
एका काळ्या पाखराची वाट बघत.
ते येत नाही.
इच्छा राहिली असेल, कुणी कुजबुजतं.
मग थोरला पुढं होतो, कबूल करतो,
धाकटीचं शिक्षण बघतो, आईला अंतर देत नाही,
तेव्हा कुठं ते येतं,
वाकड्या मानेनं, कुणाचीच पर्वा न करता
शितं उडवतं,
आणि माणसं मोकळेपणी रडतात.
आता हे याला कसं सांगू,
की तुझ्या बापाच्या पानाला
आज मी शिवलो?

आत गवताच्या काड्या ओढणं चाललं होतं.
लांब काडी, लांब आयुष्य.
माझी निघाली करंगळीएवढी.
म्हातारीनं ती घेतली, चुलीत टाकली,
ही मोजायची नाही म्हणाली,
आणि दुसरी ओढायला लावली.

मग लेकाला हळूच काही विचारलं.
"आई म्हणते, बीट तू दोनदा मागून घेतलंस."
मी मान हलवली.
"बाबा बीटला हात लावायचे नाहीत.
चाळीस वर्षं ती वाढत राहिली."
आणि ब्रोनेबाई हसल्या,
इतक्या, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

ताटं कुणी उचलली नाहीत. माझंही नाही.

नऊचा फोन साडेदहाला घेतला.
कुणाकडे गेला होतात, काय काय होतं जेवायला?
बारा पदार्थ सांगितले, नावं येत नव्हती त्यांचे रंग सांगितले.
तेराव्याचं बोललो नाही.

परवा पहाटे रीगाचा माल घेऊन निघालो,
तर यार्डाच्या फाटकात एक कावळा.
इथले करडे असतात, पंख तेवढे काळे,
जणू कुणाचा तरी कोट घालून आलेले.
रस्ता अडवून बसला होता, निवांत.

हॉर्न दिला नाही.
बावीस टनांची गाडी
वळसा घालून काढली.