निवेदन, जादा कागद जोडून

खाली सही करणारा मी, क्लेटस बोर्दो,
वय बहात्तर, राहणार एस्कानाबा, मिशिगन,
एल्डन कोस्केलाच्या अपिलासाठी लिहून देतो.
फॉर्मवर सहा ओळींची जागा आहे.
मी कागद जोडतोय.

एकोणसत्तरचा डिसेंबर, ओकलंडचं गोदाम.
व्हिएतनामहून उतरलेले आम्ही दोनेकशे जण,
अंगावर अजून तिथलाच घाम, बाहेर धुकं.
सुटकेची तपासणी म्हणजे एक टेबल,
कानावर पेन्सिल खोचलेला एक कारकून,
आणि रक्तदाबाचा पट्टा,
गुंडाळलेला, झोपलेल्या पिल्लासारखा.
त्याला कोणी उठवलं नाही.
बाही वर कर, असं कोणी म्हणालं नाही.
एकशेवीस ऐंशी, एकशेवीस ऐंशी,
कारकून लिहीत गेला,
न तोलता पोत्यांवर वजन टाकावं तसा.

घाई आम्हालाही होती.
पलीकडे फुकट स्टेक मिळणार होता,
आणि जो 'मला त्रास होतो' म्हणेल
त्याला तीन दिवस अडकवतील, अशी कुजबुज होती.
एल्डनचा घोळणा सकाळीच फुटला होता.
रक्त त्याने बाहीला पुसलं
आणि बाहीची कड आत दुमडली.

त्या एकशेवीस ऐंशीवर
आज तीन निकाल उभे आहेत.
'सेवेतून सुटताना रक्तदाब सामान्य.'

ज्यांनी एल्डनला कधी पाहिलं नाही
त्या डॉक्टरांचं मत सोबत आहे:
वय, वजन, वडील आणि मीठ.

मिठाबद्दल मला बोलायचंय.
बारा महिने आम्ही डब्यातलं खाल्लं.
मांस इतकं खारट की एल्डन म्हणायचा,
समुद्र आटवून भरलाय.
वर मिठाच्या गोळ्या, ऊन लागू नये म्हणून.
सार्जंट समोर उभा राहून गिळायला लावी,
जीभ उचलून दाखवायला लावी.
खाल्ल्या मिठाला एल्डन जागला.
आता तेच मीठ त्याच्याच नावावर मांडलंय,
हेल्मीच्या स्वैपाकाच्या खात्यात.

हेल्मी कागदाच्या गिरणीत दवाखाना सांभाळायची.
दर रविवारी चर्चहून आली की
नवऱ्याच्या दंडाला पट्टा बांधायची
आणि खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर आकडा टिपायची.
एकशे चौसष्ट, एकशे दोन. कुत्री व्याली.
एकशे सत्तर, शंभर. बर्फ, गाडी निघाली नाही.
अठ्ठेचाळीस कॅलेंडरं तिने खोक्यात भरून पाठवली.
सत्तरचं तेवढं नाही.
आणि कचेरीला नेमकं तेच हवंय,
सुटकेनंतरचं पहिलं वर्ष.
मासे गुंडाळायला गेलं असेल, हेल्मी म्हणते,
आणि तोंड फिरवते.

नियम असा आहे म्हणे:
शक्यता निम्म्याला निम्मी असली
तरी कौल शिपायाच्या बाजूने.
वकीलबाईंनी फोनवर विचारलं,
तो रांगेत तुमच्या पुढे होता की मागे?
पुढे, मी पटकन म्हणालो.
मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
मागे असता तर त्याचं टेबल मला दिसलं कसं असतं?
पण पुढे असता तर स्टेकच्या ताटाशी
त्याने माझ्या खांद्यावर मागून हात ठेवला, तो कधी?
हे मी खोडत नाही. असू द्या.
दुमडलेली बाही मी पाहिली.
तिथे निम्म्याला निम्मं काही नाही.

झटका आल्यापासून एल्डनचा उजवा हात उठत नाही.
गुरुवारी मी जातो. हेल्मी त्याचा दाब मोजते,
मग न विचारता माझी बाही वर सारते.
पट्टा फुगत जातो,
कोणीतरी दंड घट्ट धरल्यासारखा.
मग हळूहळू सोडतो.
अर्ध्या मिनिटाचं काम.

माझा आकडा इथे लिहीत नाही.
प्रकरण एल्डनचं आहे.