धडा

समुद्राकडच्या खिडकीवर तुळईला एक हुक.
हुकाला तबकडीचा काटा, काट्याला झोळी.
सरकारी झोळीचा पट्टा गणपतीनंतर तुटला.
मागणी दोनदा लिहून दिली,
मग मीच शिवली,
लाँचीवरच्या जाड ताडपत्रीची, दुहेरी टाक्यांची,
पोर पडायला नको म्हणून.
मला अभिमान होता त्या झोळीचा.

मुलींचं कार्ड गुलाबी, मुलांचं निळं.
वर हिरवा पट्टा, मग पिवळा, तळाला लाल.
ठिपक्याला ठिपका जोडत जायचं,
रेघ चढली पाहिजे.
बंदरावर सपाट पाणी ही चांगली बातमी असते.
कार्डावर सपाट रेघ आली
की मी पेन खाली ठेवते.

मन्वी कुलाबकर, महिने दहा.
सातव्याला सहा किलो शंभर,
आठव्याला सहा दोनशे, नवव्याला तेवढंच,
आज सहा शंभर.
"पिवळ्यात आहे, पण लाल नाही," मी म्हटलं.
तो 'पण' मला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिला.

रंजिता लिलावातून थेट आलेली,
बोटं बर्फाने पांढरी, पदराला खवले.
पोरीला झोळीतून काढून
तिने दोन्ही हातांवर जरासं हलवलं,
भाव बोलायच्या आधी सुरमई हलवतात तसं.
"सहा नाय. पावणेसहा, फार तर थोडं वर."
काटा दाखवतो तेच लिहायचं असतं गं.
ती काट्याकडे बघतच नव्हती.
"बाय, धडा केलास?"

तेवीस वर्षं मी धडे देतेय,
हात धुण्याचे, रंगांचे, रांगेत उभं राहण्याचे.
हा मला आठवला नव्हता:
बापाच्या दुकानात एका पारड्यात रिकामा डबा,
दुसऱ्यात त्याच्याइतका दगड,
आणि मगच गोडेतेल.
"पाटी वजा केल्याबिगर आमी कुणाची कोलंबी घेत नाय,"
रंजिता म्हणाली, "लोकं भिजवून आणतात पाटी."

रिकामी झोळी अडकवली.
काटा हलला, थांबला.
तीनशे.

सहा शंभरातून तीनशे गेले, पाच आठशे.
दहा महिन्यांच्या मुलीला
पाच नऊशेच्या खाली लाल.

दंडाला पट्टी गुंडाळली.
पिवळ्यावर थांबली, लालला टेकून.
पावलावर अंगठा दाबून धरला,
खड्डा पडला नाही.
तेवढ्यावर मी श्वास सोडला.

रंजिता रडली नाही.
तिने विचारलं, दापोलीची गाडी किती वाजता,
आणि उरलेली मासळी कुणाकडे ठेवू.
मग जाता जाता, दारात:
"मी तीनला जाते बंदरावर.
सासू चहात बिस्किट बुडवून देते.
रडत नाय गं ती कधी.
आमी म्हणायचो, गुणाची पोर."

रात्री सगळी कार्डं चटईवर पसरली.
नवी झोळी आल्याला चार महिने,
एकवीस मुलं.
शाई खोडता येत नाही,
म्हणून जुन्या ठिपक्यावर फुली
आणि खाली नवा ठिपका.
ओमला हिरव्यातून पिवळ्यात घेताना
हात थांबला,
दुपारीच त्याने माझी बांगडी चावली होती
दोन नव्या दातांनी.
मुलं तीच होती.
ओहोटीला खडक दिसतात
ते काही त्या दिवशी आलेले नसतात.

महिनाअखेरीस पर्यवेक्षिकांचा फोन.
एकदम तीन लाल कशी?
मागच्या अहवालात तर एकही नव्हतं.

होती, मॅडम, म्हटलं.
झोळीत होती.