रफार

बारशाला आठच माणसं बोलवायची ठरलं होतं.
झाली तेवीस.
निनाद म्हणाला, ताई, नको कुणाला म्हणू?
जेलरोडच्या त्या दोन खोल्यांत
खिडक्या सताड उघड्या, पंखा पाचवर,
आणि सॅनिटायझरची बाटली
घुगऱ्यांच्या पातेल्याला टेकून उभी.

सकाळी माझ्या घशात काहीतरी होतं.
खवखव म्हणावी इतकंही नाही,
भजी खाल्ल्यावर होतं तसं.
मिठाच्या गुळण्या केल्या,
हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली.
वास आला. चांगला सणसणीत आला.
मग साडी नेसले आणि सिडकोतून रिक्षा केली.
द्वारकेच्या सिग्नलला दोन अँब्युलन्स पाठोपाठ गेल्या,
रिक्षावाल्याने एक हात छातीशी नेला,
मी मास्कवरून पदर घेतला, आणखी एकदा.

नाव सांगायचा मान आत्याचा.
मास्कमधूनच सांगू का, मी विचारलं.
निनादची सासू म्हणाली, अहो, आयुष्यभराचं नाव,
कापडातून गाळून देणार का?
सगळे हसले. मीही.
मास्क हनुवटीखाली ओढला.
एरवी पाठीवर धपाधप बुक्के बसतात,
या वेळी बायका दोन हात लांब उभ्या राहून
हवेतच मारत होत्या.
कुर्रर्र...
तिच्या जावळाला दुधाचा वास होता.
तोही आला मला.
नंतर स्वतःला हे कितीदा सांगितलं.

चौथ्या दिवशी ताप. एकशे एक.

आमच्या बिल्डिंगीत ऑक्सिमीटर एकच,
तिसऱ्या मजल्यावरच्या पगारेंचा.
दोरीला बांधलेल्या पिशवीतून खाली यायचा,
पुसायचा, बोट घालायचं, पुसायचा, परत वर.
वरून हाक यायची, किती?
हे ओरडून सांगायचे, सत्त्याण्णव!
मी चौऱ्याण्णव पाहिलेला असायचा.

मनपाच्या शाळेत, तिसरी ‘ब’च्या वर्गात, टेस्टिंग.
फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच,
पट दोन आकडी, हजर दोन आकडी.
छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला मुलगा,
प्लॅस्टिकच्या आत निथळणारा,
भाच्याच्या वयाचा असेल.
घसा कधीपासून?
तापाबरोबरच, मी म्हटलं.
संपर्कात कोण कोण?
मी सांगत गेले. भाऊ. भावजय केतकी. तिची आई.
शेजारच्या तुपे काकू, वय अडुसष्ट, शुगर आहे,
त्यांनी माझ्याच हातून पेढा घेतला.
हे लिहायचं नसतं, तो म्हणाला.
ओळी संपल्या, त्याने पान उलटलं.
आणखी कोणी?

उर्वी.
वय?
सोळा दिवस.

पेन थांबलं. मग त्याने लिहिलं, उवी.
मी म्हटलं, रफार राहिला.
काय?
वर रफार द्या. उर्वी.
त्याने दिला, जरा वाकडा,
ग्लोव्हजमुळे असेल.
जन्मदाखला व्हायचा होता अजून,
पाळण्यावर नावाची पताकासुद्धा लावली नव्हती,
तिचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते इथे,
माझ्या नावाखाली, तेविसाव्या ओळीत.
काडी नाकात गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं.
सगळ्यांना येतं, तो म्हणाला.
मी त्याला तसंच वाटू दिलं.

रिपोर्ट उद्या, मग परवा, मग सर्व्हर बंद.
मी आतल्या खोलीत. ताट दाराबाहेर स्टुलावर.
हिंगाची डबी उशीखाली.
दिवसातून सहा वेळा.

तिसऱ्या रात्री केतकीचा फोन.
हळू बोलत होती, सासरच्यांना चोरून बोलावं तसं.
ताई, एक सांगू?
बारशाच्या आदल्या रात्री कणकण होती मला.
म्हटलं बाळंतिणीला असतेच.
बोलले नाही. तेलाचं, बुंदीचं सगळं आणून झालं होतं.

माझ्या घशाचं सांगायला मी तोंड उघडलं.
तेवढ्यात मागे पोर रडली,
खणखणीत.
केतकीने फोन तिच्याजवळ नेला असावा,
कारण आता रडं थांबून
नुसता श्वास ऐकू येत होता, बारीक, भरभर.
दोन्हीकडे आम्ही गप्प.
ती मोजत होती.
मीही.