सांधणी

चार दिवस ती कण्हत होती.
आवाज नव्हता, नोंदींच्या फाइलीत ओळी येत होत्या:
ही जागा वाचता येत नाही, ती जागा वाचता येत नाही.
बारा. मग चाळीस. शुक्रवारी दोनशे सहा.
दुडमशेठ म्हणाले, चालू आहे ना? मग मार्चपर्यंत राहू दे.
शेठ, चालू आहे तोवरच बदलता येते.

रविवारची रात्र, अक्कलकोट रोडची एमआयडीसी.
लूम बंद असले की कारखाना किती मोठा वाटतो.
दिवसभराचं ऊन भिंती अजून ओकतायत,
सर्व्हरच्या खोलीत एक खोकणारा एसी
आणि दारात स्टूल टाकून इरण्णा वॉचमन:
"काय करलालाव ताई?"
डिस्क बदलतेय. मशीन जिच्यावरून जागं होतं, ती.
"मग उठलंच नाय तर?"
हाच घास मी तीन दिवस चघळत होते.

आधी सगळ्याची प्रत.
पगार, गेटपास, दुबईच्या ऑर्डरी, इरण्णाची हजेरी.
प्रत काढली म्हणजे प्रत आहे असं नसतं.
एक फाइल परत उतरवून उघडली:
टॉवेलवरचा मोर, अठ्ठ्याण्णव सालचा,
चोचीत एक धागा चुकलेला.
चूकही जशीच्या तशी आली.
तेव्हा कुठे पाणी प्यायले.

नायना सांधणी करायचे.
बीम संपत आलं की जुन्या ताण्याचं टोक न् टोक
नव्या ताण्याला बांधायचे,
चोवीसशे गाठी, जीभ ओठांत धरून.
जुना आधीच कापला तर? मी विचारलं होतं, दुसरीत असताना.
"तर वहीतून, फणीतून एकेक धागा परत ओवायचा.
दोन दिवस लूम उपाशी, आपणही."
मग तेलुगूत काहीतरी पुटपुटले, आणि मराठीत:
आधी गाठ, मग कात्री.

दोन डिस्का, एकीवर जे ते दुसरीवर.
पण उठायचं कसं, ते पहिलीलाच ठाऊक.
बसवणाऱ्यानं दुसरीला शिकवलंच नव्हतं;
सहा वर्षं सगळं पाठ करून ती गप्प.
तिला शिकवलं. मग मशीन बंद केलं,
पंखे थांबेपर्यंत थांबले,
आणि 'एक' चिकटवलेला ट्रे ओढला.

नंबर जुळेना.
कागदावर शेवटी ४४७१, हातात ४४१७.
पुन्हा वाचला. बोट ठेवून वाचला.
हातात होती ती धडधाकट होती.
कधीतरी कुणीतरी ट्रे बदलले, चिठ्ठ्या तशाच राहिल्या.
इरण्णा म्हणाला, "ताई, घाम पुसा."

धडधाकट परत आत. आजारी बाहेर.
धडधाकट एकटी उठली, कुरकुरत, पण उठली.
मगच नवी बसवली,
आणि आकडा चढू लागला: तीन टक्के, साडेतीन,
कडक भाकरी मोडेपर्यंत अकरा,
शेंगाचटणी संपली तेव्हा एकोणीस.
पहाटे चारला शंभर.
नवीलाही उठायला शिकवलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू.
काळा पडदा.
काळाच.
एक पांढरी रेघ लुकलुकली,
आणि तिनं माझं नाव विचारलं.

सातला पाळी आली, अंगठे लावत आत गेली,
लूम खडखडले, मोर विणायला लागले.
कुणाला काही कळलं नाही, हीच माझी मजुरी.
बाकीची मार्चमध्ये देतो म्हणाले शेठ.

जुनी डिस्क रिजेक्ट नॅपकिनात गुंडाळली,
वर तारीख, आणि 'महिनाभर हात लावू नये'.

घरी नायना कट्ट्यावर जागे.
"बांधलं?"
बांधलं.
"कापलं?"
अजून नाही. ड्रॉवरमध्ये आहे.
हं, म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.